आधी तराजू, मग करार : विद्यापीठ, उद्योग आणि विदर्भातली नवकल्पना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा प्रश्न असा आहे : विकसनशील देशांत विद्यापीठ आणि उद्योग एकत्र आले की नवकल्पना वाढते, असं सगळीकडे सांगितलं जातं. आमच्या कपाटात सामंजस्य करारांची जाडजूड फाइल आहे, पण त्यातून एकही यंत्र किंवा एकही सुधारणा बाहेर पडलेली नाही. जवळपास मोठा कारखाना नाही. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग आहेत, डाळमिल आहेत, दोन-चार फॅब्रिकेशनची दुकानं आहेत. अशा ठिकाणी हे सहकार्य शक्य तरी आहे का, आणि असेल तर सुरुवात कुठून करायची?

शक्य आहे. फक्त ज्या क्रमानं ते आपल्याला शिकवलं जातं, त्या क्रमानं ते इथे घडत नाही. प्रयोगशाळेत शोध, मग पेटंट, मग कंपनीला परवाना, शेवटी रॉयल्टी, हा क्रम अमेरिकेतला. १९८० च्या बे-डोल कायद्यानं तिथल्या विद्यापीठांना सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी स्वतःकडे ठेवता आली. तो शोध विकत घेऊन पुढे नेऊ शकतील अशा, स्वतःची संशोधन शाखा असलेल्या कंपन्या मात्र तिथे आधीपासून होत्या. पुढे ब्राझीलनं २००४ मध्ये नवकल्पना कायदा केला, दक्षिण आफ्रिकेनं २००८ मध्ये सरकारी पैशातल्या संशोधनाच्या मालकीचा कायदा केला. आपल्याकडेही डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत तसं विधेयक आलं आणि २०१४ मध्ये मागे घेतलं गेलं. ते मंजूर झालं असतं तरी पुसद-दिग्रसकडच्या डाळमिलवाल्याचं काही बदललं नसतं, कारण पेटंट वाचून त्याचं यंत्रात रूपांतर करणारा माणूस त्याच्या पदरी नाही.

हे दुखणं नवं नाही. अर्जेंटिनाचे होर्हे साबातो आणि नतालिओ बोताना यांनी १९६८ मध्ये सरकार, विज्ञानसंस्था आणि उत्पादक असा त्रिकोण मांडला होता. त्यांचं निरीक्षण असं की गरीब देशात या तीन कोपऱ्यांचे परदेशाशी संबंध बरे असतात, एकमेकांशी मात्र नसतात. प्राध्यापक परदेशी नियतकालिकासाठी लिहितो, कारखानदार परदेशी यंत्र आणतो आणि दोघं एकाच तालुक्यात राहून एकमेकांना ओळखत नाहीत. कोहेन आणि लेव्हिन्थल या व्यवस्थापनाच्या अमेरिकी अभ्यासकांनी १९९० मध्ये दुसरी बाजू दाखवली : बाहेरचं ज्ञान उचलायलाही कारखान्याच्या आत थोडं ज्ञान असावं लागतं. ते नसेल तर विद्यापीठाचा अहवाल कितीही चांगला असो, मिलच्या टेबलावर तो पोत्याच्या पावत्यांखाली जातो.

आकडेही तेच सांगतात. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये, म्हणजे देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) ०.६४ टक्के होता. त्यात खाजगी उद्योगांचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास आणि उच्च शिक्षण संस्थांचा ९ टक्क्यांहूनही कमी. उद्योगांच्या वाट्यातलाही मोठा भाग औषधं, वाहनं आणि माहिती तंत्रज्ञानातल्या मोठ्या कंपन्यांचा आहे. म्हणजे ग्रामीण विदर्भात संशोधनाचा पैसा ना महाविद्यालयाकडे आहे, ना मिलवाल्याकडे. जे दोघांकडे नाही त्याची देवाणघेवाण करण्याचा करार लिहिला तर फाइलच जाड होणार.

मग महाविद्यालयाकडे असं काय आहे जे मिलवाल्याकडे अजिबात नाही? मोजमाप. ओव्हन, अचूक काटा, चाळण्यांचा संच, फेऱ्यांचा वेग मोजणारा टॅकोमीटर, आणि ते वापरायला शिकलेली वीस-एकवीस वर्षांची मुलं. मिलवाल्याकडे काय आहे जे महाविद्यालयाकडे नाही? रोज चालणारं यंत्र, शेकडो क्विंटल माल, आणि रोलरच्या नुसत्या आवाजावरून दाणा ओला आहे हे ओळखणारा मिस्त्री. या दोन गोष्टी एका जागी आल्या की सहकार्य सुरू होतं. शोध आणि पेटंट नंतरच्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळदा त्यांची गरजही पडत नाही.

तुरीच्या डाळमिलचं उदाहरण सविस्तर घेऊ, कारण ते तुमच्या दारात आहे.

तुरीचं टरफल आणि डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो, म्हणून हरभऱ्यापेक्षा तूर सोलायला कितीतरी अवघड. नेहमीची पद्धत अशी : सफाई आणि प्रतवारी, एमरीच्या, म्हणजे घासणाऱ्या खरखरीत थराच्या, रोलरवर दाण्याला ओरखडे पाडणं, क्विंटलमागे २०० ते ५०० ग्रॅम तेल चोळून ढीग रात्रभर मुरू देणं, उन्हात किंवा ड्रायरमध्ये वाळवणं, पुन्हा रोलर, मग दोन ते पाच टक्के पाणी मारून फोड. टरफल दाण्याच्या वजनाच्या १२ ते १५ टक्के असतं, म्हणजे कागदावर १०० किलो तुरीतून ८५ किलोच्या आसपास डाळ निघायला हवी. प्रत्यक्षात चांगली मिल ७० ते ७५ वर थांबते. मधले दहा-पंधरा किलो चुरी, पावडर आणि चुनीत जातात आणि ढोरांच्या खाद्याच्या भावानं विकले जातात.

मिलवाल्याला विचारा, उतारा किती, म्हणजे १०० किलो तुरीतून डाळ किती? तो एक आकडा सांगेल. तो आकडा जवळपास नेहमीच चुकीचा असतो, आणि त्याचा दोष मिलवाल्याचा नाही. तूर १२ टक्के ओलाव्याची आत गेली आणि माल ९ टक्क्यांवर बाहेर आला असं धरा. १०० किलोत ८८ किलो कोरडा भाग होता. तोच ८८ किलो आता ९ टक्के ओलाव्यासह ९६.७ किलो भरतो. म्हणजे ३.३ किलो फक्त पाणी उडालं, पण हिशेबात ती मिलची घट दिसते. जानेवारीतली तूर आणि एप्रिलमधली तूर यांच्या उताऱ्यात जो फरक दिसतो, त्यातला बराचसा या पाण्याचा असतो, आणि मिलवाला मात्र रोलर बदलत बसतो. म्हणून पहिलं काम : उतारा कोरड्या वजनावर काढायचा. हे एवढं एक वाक्य मिलवाल्याच्या गळी उतरलं तरी वर्षाचं काम झालं असं समजा.

पद्धत अशी ठेवा. एकाच गावची, एकाच वाणाची दहा क्विंटल तूर घ्या. पांढऱ्या दाण्याची बीडीएन ७११ आणि लाल दाण्याची बीएसएमआर ७३६ एकत्र करू नका, त्यांची सोलणी वेगळी असते. आत जाणारं प्रत्येक पोतं मोजा आणि प्रत्येकातून नळीनं थोडा नमुना काढा. सगळे नमुने एकत्र करून ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा चार भाग करा, असं अर्ध्या किलोपर्यंत या. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवून ओलावा काढा. हातातलं ओलावामापक यंत्र चालतं, पण तुरीसाठी त्याचं ओव्हनशी जुळवून घेतल्यावरच. मग बाहेर पडणारं सगळं मोजा : पहिल्या प्रतीची डाळ, तुकडा, न फुटलेला गोटा, टरफल-चुनी, पावडर, खडे-माती आणि धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोनच्या पिशवीतली धूळसुद्धा. ओलाव्याची दुरुस्ती केल्यावर आत आणि बाहेर यांच्यात एक टक्क्याहून जास्त फरक राहिला, तर कुठेतरी माल मोजायचा राहिलाय. तो सापडेपर्यंत निष्कर्ष काढू नका. बहुतेक वेळा तो माल वर नेणाऱ्या एलेव्हेटरच्या तळाच्या पेटीत किंवा पंख्याच्या तोंडाशी सापडतो.

हे एकदा करून उपयोग नाही. किमान तीनदा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून : कधी प्रतवारी, कधी तेलाचं प्रमाण, कधी मुरण्याचा वेळ, कधी रोलर आणि त्याच्याभोवतीच्या जाळीतलं अंतर. तुलना करायची असेल तर तोच माल अर्धा-अर्धा वाटून घ्या. सोमवारचा माल आणि शुक्रवारचा माल यांची तुलना करणं ही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

साधारण काय सापडतं तेही सांगतो. प्रतवारी न केलेल्या मालात मोठा दाणा रोलरखाली चिरडतो आणि बारीक दाणा न सोलताच निसटतो. मग बारीक सुटायला नको म्हणून मिस्त्री अंतर कमी करतो आणि मोठ्याची आणखी चुरी होते. वाळवणीत वरचा थर कडक आणि खालचा ओला राहतो. ओला दाणा सोलला जात नाही, म्हणून सगळ्याच मालाला आणखी एक फेरा दिला जातो, आणि प्रत्येक फेऱ्यात चांगल्या डाळीचीही पावडर खरवडली जाते. एमरी झिजली की फेरे वाढतात. म्हणजे बहुतेक मिलमध्ये दोष यंत्रात कमी आणि चाळणी, वाळवण, अंतर या तीन साध्या जागी जास्त असतो. यात पेटंट घेण्यासारखं काही नाही. पण हिशेब करून बघा. दिवसाला पाच टन तूर काढणाऱ्या मिलचा उतारा दोन टक्क्यांनी वाढला, तर रोज १०० किलो माल चुनीतून डाळीत आला. दोन्हींच्या दरात किलोमागे ६० रुपयांचा फरक धरला तर दिवसाचे ६ हजार, आणि वर्षात २०० दिवस मिल चालली तर १२ लाख. हा आकडा समोर ठेवल्यावर मिलवाला पुढच्या बैठकीला स्वतःहून येतो.

विकसनशील देशात विद्यापीठ-उद्योग सहकार्याचा खरा परिणाम मला या ठिकाणी दिसतो. मिलच्या आत मोजण्याची सवय शिरते, आणि त्या सवयीतून मालकाला पुढचा प्रश्न नेमका विचारता येतो. ‘माल खराब निघतो’ असं म्हणणारा माणूस वर्षभरानं ‘तिसऱ्या फेऱ्यात पावडर दीड टक्क्यानं वाढते, हे थांबवता येईल का?’ असं विचारू लागतो. त्या क्षणापासून तुमच्या यंत्र विभागाला खरं संशोधन करता येतं.

आता यंत्र बनवण्याकडे. महाविद्यालयाच्या वर्कशॉपमधलं पहिलं यंत्र चालतंच, कारण ते बनवणारा प्राध्यापक शेजारी उभा असतो. कसोटी दहाव्या यंत्राची. ते फॅब्रिकेशनवाल्यानं कुणालाही न विचारता बनवायला हवं आणि बनवणाऱ्याला एकदाही न भेटलेल्या बचत गटानं चालवायला हवं. आपले प्रकल्प बहुतेक करून पहिल्या आणि तिसऱ्या यंत्राच्या मध्ये मरतात.

का मरतात? चित्रांवर मापं असतात, पण किती कमी-जास्त चालेल हे लिहिलेलं नसतं. रोलर आणि जाळीतलं अंतर अमुक मिलिमीटर असं लिहिलेलं असतं, पण रोलर स्वतः किती डगमगला तरी चालेल याचा उल्लेख नसतो. गावातला लेथवाला त्याच्या सवयीनं काम करतो आणि एका बाजूला दाणा चिरडतो, दुसऱ्या बाजूला सुटतो. बेअरिंग असं निवडलेलं असतं की ते नागपूरला मागवावं लागतं. तालुक्याच्या दुकानात मिळणारं यूसीपी २०५ सारखं पेडेस्टल बेअरिंग आणि बी सेक्शनचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवूनच शाफ्टचं माप ठरवा. एमरीचे रोलर पुष्कळ ठिकाणी एमरी, मॅग्नेसाइट आणि मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात ओतलेले असतात. हे मिश्रण ओल सहन करत नाही. पावसाळ्यात मिल बंद असताना पत्र्याच्या गळक्या शेडखाली रोलर राहिला की हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात कडा तुटतात. हे माहितीपत्रकात नसतं, असायला हवं.

आणि वीज. महाविद्यालयात २३० व्होल्ट मिळतात. गावाच्या टोकाला संध्याकाळी ते १८४ वर आले, म्हणजे ८० टक्के उरले, तर मोटरचा सुरुवातीचा पीळ (टॉर्क) ६४ टक्केच उरतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. हॉपर भरलेलं असताना मोटर उचलत नाही, गुंगत राहते आणि वाइंडिंग जळतं. मग ‘विद्यापीठाचं यंत्र टिकत नाही’ अशी ख्याती होते. उपाय साधा आहे : हॉपरच्या तोंडाला सरकतं झाकण, मोटर वेगात आल्यावरच माल सोडायचा, आणि जास्त भार आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले. पण तो सुचायला चाचणी गावातच घ्यावी लागते. तीन यंत्रं, तीन वेगळी गावं, एक पूर्ण हंगाम, आणि प्रत्येकाजवळ एक वही : किती तास चाललं, काय तुटलं, सुटा भाग कुठून आणला, किती वेळ बंद राहिलं. ती वही प्रबंधापेक्षा मोलाची आहे.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळमिल या कसोटीवर उतरली. घरगुती जोडणीवर चालेल अशी लहान मोटर, लहान कारखान्यांना बनवता येईल अशी रचना, आणि शेतकरी गट किंवा बचत गट एका खोलीत चालवू शकेल असा आकार. एकाच मोठ्या कंपनीच्या हाती ती राहिली असती तर ती एवढी पसरली नसती असं माझं मत आहे. जिनिंगमध्येही तेच कारण दिसतं. नागपुरात दुहेरी रोलरचं जिन बनवणारे कारखाने आहेत, केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, आणि गिऱ्हाईक एका दिवसाच्या वाटेवर हिंगणघाट, वणी, यवतमाळला आहे. क्रोम चामड्याच्या रोलरमुळे रुईत आणि हवेत क्रोमियम जातं, म्हणून त्या संस्थेनं क्रोमविरहित रोलर विकसित केले. २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागलं. संशोधक, यंत्र बनवणारा, गिऱ्हाईक आणि सरकारी पैसा असे चौघं जवळ असले की काम पुढे सरकतं. चौघांपैकी एक नसेल तर तो आधी शोधायचा.

करारात काय लिहायचं हे थोडं नेटानं वाचा, कारण इथली चूक पाच वर्षांनी कळते. पेटंट दोघांच्या नावावर संयुक्त घेतलं आणि बाकी काही लिहिलं नाही, तर १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे प्रत्येक सहमालक ते स्वतःसाठी वापरू शकतो, दुसऱ्याला काहीही न देता. पण तिसऱ्याला परवाना द्यायचा तर सर्वांची संमती लागते. याचा अर्थ कंपनी यंत्र बनवून विकेल, महाविद्यालयाला एक रुपया मिळणार नाही, आणि तुम्हाला पुसदच्या फॅब्रिकेशनवाल्याला परवाना द्यायचा असेल तर कंपनीच्या दारात जावं लागेल. म्हणून सुरुवातीलाच लिहा : लहान उत्पादकांना परवाना देण्याचा अधिकार महाविद्यालयाचा, आणि कंपनीला एकाधिकार हवा असेल तर तो ठरावीक भागासाठी, दोन-तीन वर्षांसाठी आणि वर्षाला किमान इतकी यंत्रं विकण्याच्या अटीवर. अट पाळली नाही तर एकाधिकार आपोआप संपेल.

विद्यार्थी नोकर नसतो, त्यामुळे त्याच्या शोधावर महाविद्यालयाची मालकी आपोआप येत नाही. काम सुरू होण्याआधी लेखी हस्तांतरण घ्या आणि त्यात त्याचा वाटाही लिहा. ‘आविष्कार’सारख्या विद्यार्थी-संशोधन स्पर्धेत पोस्टर लावण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल करा. आधी उघड प्रदर्शन झालं तर नवेपणाच जाऊ शकतो. ऑनलाइन अर्जाचं शुल्क शैक्षणिक संस्थेला १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात, आणि २०२४ च्या नियमांपासून परीक्षणाची विनंती ४८ ऐवजी ३१ महिन्यांत करावी लागते. शेतीची निव्वळ पद्धत कलम ३ प्रमाणे पेटंटयोग्यच नाही, पारंपरिक ज्ञानही नाही. अशा अर्जावर पैसे घालू नका. कंपनी गुप्तता मागेल. ती द्या, पण मुदत घालून : शोधनिबंध छापण्याआधी साठ दिवस कंपनीला दाखवायचा, त्यापुढे अडवायचा नाही. नाहीतर मुलाची पदवी अडकते.

पैशाचं. एका मिलवाल्याकडून मोठी रक्कम मागू नका. एकाच गावातले सहा डाळमिलवाले प्रत्येकी ४० हजार देतील, तर २ लाख ४० हजार होतात. त्यात ९० हजारांचा ओव्हन, काटा आणि चाळण्या, दोन विद्यार्थ्यांना महिना ८ हजारांप्रमाणे सहा महिन्यांचे ९६ हजार, प्रवासाला ३० हजार आणि उरलेले २४ हजार नमुने-तपासणीला. सहा जणांचे पैसे असले की निकाल एकाच्या खिशात जात नाही, आणि एकमेकांचे आकडे बघून मिलवाले स्वतःच सुधारतात. हीच रक्कम सल्लासेवा म्हणून घेतली तर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४३,२०० रुपये वर लागतात. अनुदानातून होणाऱ्या संशोधनाला सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत पात्र संस्थांसाठी सूट ठरली आहे. कोणत्या शीर्षाखाली पैसे घ्यायचे हे हिशेबनीसाशी पत्र लिहिण्याआधी बोला, नंतर नाही. मिलवाल्याला स्वतःला यंत्र घ्यायचं असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठरलं होतं; ते अजून चालू आहे का ते आधी बघा. त्याचा प्रकल्प अहवाल करून देणं हीसुद्धा महाविद्यालयाची सेवाच.

वेळेचा मेळ मात्र पैशापेक्षा जास्त प्रकल्प बुडवतो. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प जुलै-ऑगस्टमध्ये ठरतो आणि एप्रिलमध्ये संपतो. कापूस जिनिंगला नोव्हेंबरात जोर धरतो. तूर डिसेंबर-जानेवारीत निघते आणि डाळमिल त्यानंतर भरात येते, नेमकी मुलं परीक्षेला बसतात तेव्हा. गोंदिया-भंडाऱ्याकडे धान नोव्हेंबरात, वरुड-मोर्शीकडे मृग बहाराचा संत्रा फेब्रुवारीनंतर. म्हणून विषय उद्योगाच्या हंगामावरून ठरवा. जूनमध्ये मिलवाल्याशी बोलणी, जुलै ते सप्टेंबर उपकरणं जुळवणं आणि गेल्या वर्षीच्या उरलेल्या मालावर सराव, जानेवारी-फेब्रुवारीत खरी मोजणी. आणि एकाच मिलवर सलग तीन वर्षांच्या तीन तुकड्या लावा. पहिलीनं मोजायचं, दुसरीनं बदलायचं, तिसरीनं टिकतंय का ते बघायचं. दरवर्षी नवा विषय हवा हा आग्रह नवकल्पनेच्या मुळावर येतो.

दोन धोके सांगायलाच हवेत. पहिला, उत्पन्नाचा. जिल्ह्याच्या महाविद्यालयांना कंत्राटदारांच्या काँक्रीट क्यूबची तपासणी हे खात्रीचं काम मिळतं. ते जरूर करा, पण त्याला सहकार्य म्हणू नका. प्रयोगशाळेतली सगळी माणसं त्यातच अडकली की मिलकडे जायला कुणी उरत नाही. संख्येचा मोहही तसाच. महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात करारांची संख्या विचारली जाते, म्हणून करार होतात. चीननं विद्यापीठांच्या पेटंटसंख्येला बक्षिसं देऊन पाहिली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयालाच संख्येपेक्षा गुणवत्ता आणि प्रत्यक्ष वापराकडे वळा असं सांगावं लागलं.

दुसरा धोका दिशेचा, आणि विदर्भाला तो जास्त लागतो. उद्योग ज्यातून दरवर्षी विक्री होईल अशाच नवकल्पनेला पैसा देतो. बोंडअळीला तोंड देणारा बीटी कापूस २००२ मध्ये आला तो संकरित वाणांत, कारण संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. हलक्या, कोरडवाहू जमिनीत लवकर येणारी, दाट पेरता येणारी सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाची पऱ्हाटी अनेक ठिकाणी जास्त सोयीची आहे, पण तिचं बियाणं कास्तकार घरी ठेवू शकतो. त्यामुळे कंपनी त्या संशोधनात फारशी येत नाही. अशा जागी कृषी विद्यापीठ, नागपूरची कापूस संशोधन संस्था आणि महाबीजसारखं सरकारी बियाणे महामंडळ यांनीच भागीदार व्हायला हवं. ‘उद्योगाला रस नाही’ याचा अर्थ ‘गरज नाही’ असा लावला तर विद्यापीठ कास्तकाराला सोडून जातं.

खाजगी भागीदार तयारच नसेल तर काय करायचं, याचं उत्तर चिलीत सापडतं. १९७६ मध्ये तिथल्या सरकारनं आणि आयटीटी या अमेरिकी कंपनीनं मिळून फुंदासिओन चिले ही संस्था काढली. सॅमन हा मासा चिलीचा मूळचा नाही. संस्थेनं त्याच्या पालनाची कंपनी स्वतः काढली, धंदा नफ्यात चालतो हे दाखवलं आणि मग ती विकून टाकली. बघून बाकीचे आले. अहवालानं जे झालं नसतं ते चालत्या धंद्यानं केलं. पण पुढे गर्दी वाढली, देखरेख मागे पडली आणि २००७ पासून विषाणूच्या साथीनं तो उद्योग हादरला. यशानंतरही मोजत राहण्याचं काम विद्यापीठानं सोडायचं नसतं. तुमच्यासाठी याचं लहान रूप म्हणजे महाविद्यालयाच्या आवारात बचत गटाला चालवायला दिलेली एक मिनी डाळमिल, जिचा रोजचा उतारा फळ्यावर लिहिलेला असेल.

गडचिरोलीकडे मोह, हिरडा, बांबू यांवर काम करणार असाल तर आधी ग्रामसभेकडे जा. २००६ च्या वनहक्क कायद्यात जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञान आणि बौद्धिक संपदेवरचा सामूहिक हक्क मान्य केलेला आहे, आणि भारतातल्या जैविक संसाधनावर आधारलेल्या पेटंटसाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडेही जावं लागतं. त्या सहकार्यात ग्रामसभा ही तिसरी सही करणारी पक्षकार आहे.

या जूनमध्ये करायचं म्हणाल, तर कपाटातली फाइल बाजूला ठेवा. दोन विद्यार्थी, १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा १०० किलोचा काटा आणि एक कोरी वही घेऊन सर्वांत जवळच्या डाळमिलवर जा. मालकाला काही देऊ करू नका, काही मागू नका. एवढंच विचारा : गेल्या हंगामात किती पोती आत गेली, किती डाळ निघाली, आणि बाकीचं कुठे गेलं. तिसऱ्या प्रश्नाला तो थांबेल. तिथून मिस्त्रीशी बोलायला सुरुवात करा.